सतराव्या प्रश्नाचं उत्तर

रविवारच्या पुरवणीतले सामान्यज्ञानाचे वीस प्रश्न ती पेनाने सोडवायची. पेन्सिल शंकेखोरांसाठी, असं तिचं मत. एरवी ती स्वतःच अव्वल शंकेखोर होती. गॅस बंद आहे ना हे तीनदा बघायची, आणि अडीच वर्षांची टिंबू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची. पण प्रश्नमंजूषा समोर आली की तिचा हात अडखळत नसे. सलग एकेचाळीस आठवडे वीसपैकी वीस. उत्तरं पुढच्या रविवारी छापून यायची, पण ती नुसतीच त्यांवरून नजर फिरवायची.

"सर्वांत उष्ण ग्रह?" नवरा चहाचा कप घेऊन मागून डोकावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सगळ्या गोष्टींना काहीतरी साधं कारण असतं असं मानायचा. "बुध. सूर्याला खेटून तर बसलाय."

"शुक्र. जाड ढग पांघरून बसलाय तो."

"लग्नाआधी तू माझी तोंडी परीक्षा घेतली असतीस, तर मी काही पास होत नव्हतो."

"लेखी घेतली होती. तुला कळलं नाही."

ऑक्टोपसची हृदयं तीन. शरीरातलं सर्वांत लहान हाड कानात. मग सतरावा.

'साऊ म्हणजे काय?'

तिने तो पुन्हा वाचला. साऊ हा टिंबूचा शब्द होता. सहा महिन्यांपूर्वी भर दुपारी दोघी दुकानातून परतल्या होत्या. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या. टिंबू उंबऱ्याबाहेरच थांबली, मागे वळून बघत म्हणाली, "साऊ?"

"हो गं, सावली. तिलाही घे आत," असं म्हणून तिने पायाने दार ढकललं होतं.

तेव्हापासून साऊ घरातली झाली. साऊला टाटा कर, साऊचा हात धर, हे सगळं तीच लेकीला शिकवत आली होती.

"कुठल्यातरी बोलीतला असेल शब्द," नवरा म्हणाला. "योगायोग."

तिने पेनाने लिहिलं, 'सावली'. हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत असणार?

बुधवारी आभाळ भरून आलं होतं. घरात करडा, सपाट उजेड. टिंबू बेडरूमच्या दारामागच्या कोपऱ्याकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. हातातला लाकडी ठोकळा तिने पुढे धरला होता.

"कोण आहे गं तिथे?"

"साऊ."

ती वाकून बघायला गेली. दारामागे भिंत होती, खुंटी होती. जमिनीवर कशाचीच सावली नव्हती. तिने दिवा लावला. टिंबूची सावली फरशीवर उमटली.

"ही बघ तुझी साऊ."

टिंबूने सावलीकडे बघितलं. मग यजमान काही चुकीचं बोलले की पाहुणे जसं सोडून देतात, तसं सोडून देऊन ती पुन्हा कोपऱ्याकडे वळली.

पुढच्या रविवारी कुठेतरी लिफ्ट अडकली म्हणून नवऱ्याला सकाळीच जावं लागलं. तिने दारातच पुरवणी उघडली. मागच्या आठवड्याची उत्तरं. सोळापर्यंत सगळी बरोबर.

'१७. दाराआड उभी असते ती.'

तिने नणंदेला फोन लावला. दोघी दर रविवारी उत्तरं ताडून बघायच्या. नणंद मोठी, दुसऱ्या गावी राहणारी, आणि पेन्सिलवाली.

"ताई, सतरावा बघितलात?"

"बघितला की. पंडितीणबाई, तुझा चुकला वाटतं?"

"तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"जे छापलंय तेच. अगं, मागच्या महिन्यात मी राहायला आले होते ना, तेव्हा टिंबूला विचारलं होतं मी. साऊ म्हणजे कोण गं? तर म्हणाली, दालामागे उभी अशते ती." नणंद हसली. "तू कधी विचारलं नाहीस?"

"मला माहीत होतं."

"बरं."

"ताई, पण पेपरात कसं आलं हे?"

"तूच पाठवला असशील ना प्रश्न?" नणंद म्हणाली. मग जरा थांबून, "नाही पाठवलास?"

फोन ठेवून तिने पान उलटलं. नवे वीस प्रश्न. ती थेट सतराव्यावर गेली.

'साऊला घरात कोणी घेतलं?'

हे उत्तर तिला येत होतं. तिने पेनाने लिहिलं, 'आईने'. अक्षर स्वच्छ आलं. आणि त्याबरोबर पुढचंही सुचलं. जिने शब्दाने आत घेतलं, तिने शब्दाने बाहेर काढावं.

तिने टिंबूला जवळ घेतलं, बाहेरचं दार सताड उघडलं आणि कॉलेजात वादविवाद जिंकून देणाऱ्या आवाजात म्हणाली, "साऊ, पुरे झालं. आता जा."

काही झालं नाही.

मग बेडरूमचं दार किंचित हललं.

टिंबूची मान सावकाश फिरली, खोली ओलांडणाऱ्या माणसाकडे बघताना फिरते तशी. उंबऱ्यापाशी थांबली. जिन्याकडे वळली.

"टाटा, साऊ."

"गेली?"

"गेली."

तिने कडी लावली. मग दारामागे जाऊन बघितलं. भिंत, खुंटी. लेकीचा हात धरून बघितला, उबदार होता. नाकाशी बोट धरलं, श्वास नीट होता. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्याचा कागद तिने पुढे ओढला. चूक ती चूक. 'सावली' खोडायला तिने पेन टेकवलं.

"आई, ठोकळा," टिंबू म्हणाली.

तिने वर बघितलं. खिडकीतून तिरपं ऊन फरशीवर आलं होतं. त्यात खुर्चीची सावली पडली होती. पाण्याच्या बाटलीची पडली होती. मधोमध टिंबू उभी होती, ठोकळा पुढे धरून, हसत.

तिच्या पायांशी नुसतं ऊन होतं.

तिने पेन खाली ठेवलं. खोडायचं काही कारण नव्हतं. उत्तर बरोबर होतं.