डावीकडचं फूल

आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय काही ठरत नाही. लग्न असो की देवासचा फ्लॅट, भैयासाहेब, म्हणजे माझे सासरे, धारला जातात आणि नालछ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या कुलस्वामिनीला विचारतात. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

मी हे मानते. रोज तिची पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही.

माझ्या चिऊच्या, बारा वर्षांच्या पोरीच्या, स्वादुपिंडात मधोमध गाठ निघाली. मुलांत हे फार क्वचित होतं म्हणे. इंदूरच्या सर्जन विद्युल्लताबाई म्हणाल्या, "गाठ तेवढी काढू. दोन्हीकडचं स्वादुपिंड राखू, प्लीहाही राखू. काम नाजूक आहे, जोड गळू शकतो. पण सगळं काढलं तर पोरीला जन्मभर इन्सुलिन."

"सगळंच काढा म्हणावं," भैयासाहेब म्हणाले. "जीव वाचला म्हणजे मिळवली."

"बाबा, पहले देवीला तर विचारू," हे म्हणाले.

विचारलं, राखायचं का? गाभाऱ्यात वारा नव्हता. रघुजी पुजाऱ्यानं फुलं लावली न लावली तोच डावं पडलं.

भैयासाहेब जोडे घालायला वळले. मी म्हटलं, "पुन्हा लावा."

पुन्हा डावं. पडताना आवाज झाला, जड, ओला. जास्वंदीचा असा आवाज होत नाही.

"वहिनीसाहेब, पुरे," रघुजी पुटपुटला. "तिसऱ्यांदा विचारायचं नसतं."

"लावा."

डावं फूल सुटायच्या आत मी त्याच्याखाली तळवा धरला. देवीपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. म्हटलं, "आई, तू आई आहेस, तशी मीही आहे. हे खाली पडणार नाही."

फूल हातात आलं. बर्फासारखं. मी मूठ मिटली, आणि उजवं फूल जमिनीवर पडलं.

"झाला कौल," मी यांना म्हटलं. "हॉस्पिटलात सही करा."

ऑपरेशन चालू झालं तशी माझी तीच मूठ आपोआप आवळली. उघडेना. आत काहीतरी ठोके देत होतं.

"क्या हुआ? हात दाखव," हे म्हणाले.

"काही नाही. तुम्ही चहा घेऊन या."

विद्युल्लताबाई बाहेर आल्या त्या भिंतीला टेकूनच उभ्या राहिल्या. "प्लीहेची शीर फाटली होती. मला काही दिसेना. मग रक्त आपणहून थांबलं, कुणी शीर मुठीत धरावी तसं. कसं, ते विचारू नका. सगळं राखलंय."

चिऊनं डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघत राहिली.

"आई, वो बाई कोण गं?"

"कुठली?"

"ती ना. तुझी बोटं उघडतेय. एक-एक करून."

मी खाली पाहिलं. करंगळी सरळ झाली होती.

दुसऱ्या हातानं मी ती परत दुमडली.