धातूची सवय

डॉ. नाझनीन मुल्लांनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि कोऱ्या करकरीत फोनच्या पाठीवर अशी काही ओढली, की समोर बसलेल्या पाहुण्यांनी दात आवळले. करड्या धातूवर लांबलचक ओरखडा उमटला.

"आता हा हातात धरा," त्या म्हणाल्या. "काही करू नका. नुसता धरा."

पाहुणे फोन बनवणाऱ्या कंपनीतून आले होते. त्यांनी फोन मुठीत धरला. चहा संपेपर्यंत ओरखडा पुसट झाला, आणि ते निघाले तेव्हा तो कुठे होता हे त्यांना स्वतःलाच दाखवता येईना.

मिरजेबाहेरच्या माळावरच्या त्या प्रयोगशाळेत हा धातू जन्माला आला होता. डॉ. मंदार हसबनीसांनी त्याला 'स्मरधातू' असं नाव दिलं होतं. अंगाच्या उबेने त्याच्या पृष्ठभागावरचे अणू सैल होत आणि सरकत सरकत आपापल्या जागी परत जात. घासणं नको, पॉलिश नको, दुरुस्तीच्या दुकानात खेटे घालणं नको. पाहुण्यांनी जाताना हसबनीसांचा हात दोन्ही हातांत धरून अभिनंदन केलं. हसबनीस कसंनुसं हसले. त्यांना अलीकडे असं कुणी हात धरला की अवघडल्यासारखं होई.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर नाझनीननी खणातून दुसरा फोन काढला.

"सर, हे त्यांच्यासमोर दाखवलं नाही. चाचणीसाठी दिलेल्यांपैकी एका ट्रकचालकाचा आहे. दिवसभर उन्हात, डॅशबोर्डवरच्या पकडीत. पकडीचे चरे कडेला पडलेत. मी घासून साफ केले, आरशासारखा गुळगुळीत केला. मग उबेत ठेवला, तर चरे परत."

"परत म्हणजे?"

"त्याच जागी. तेवढेच खोल."

हसबनीसांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ तो हलवला नाही. शेवटी ते खुर्चीत मागे रेलले.

"आपलं चुकलं, नाझनीन. कारखान्यात ओतलेला आकार याच्या लक्षात राहतो असं आपण धरून चाललो. पण मूळ कुठलं हे याला कसं कळणार? याला सवय कळते. उबेत असताना जो आकार सगळ्यात जास्त काळ टिकला, तो याच्या लेखी खरा. नवा ओरखडा आला की तो परका, म्हणून हा त्याला घालवतो. पण उबेतच, त्याच जागी, रोज दाब पडत राहिला तर—"

"तर ओरखडाच घरचा होतो," नाझनीन म्हणाल्या. "आणि आधीचा आकार?"

"तो जातो. एका जागी दोन सवयी नांदत नाहीत."

बोलता बोलता हसबनीस थांबले. त्यांचा चेहरा उजळला. नाझनीननी तो असा उजळलेला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"मला घरी जायला हवं," ते म्हणाले आणि चष्मा टेबलावरच विसरून निघाले.

त्यांच्या घरी, सांगलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, वाट पाहणारं कुणी नव्हतं. त्यांची पत्नी केतकी जाऊन सहा वर्षं झाली होती. ती वनस्पतिशास्त्रज्ञ. पठारापठारांवर हिंडायची, गुडघे टेकून नखाएवढ्या फुलांचे फोटो काढायची. फोन सदा हातात. स्मरधातूच्या पहिल्या ओतकामातला तो फोन हसबनीसांनीच तिला दिला होता. तिच्या बोटांच्या त्याला खळग्या पडल्या तेव्हा दोघं हसले होते. "तुमचा धातू नापास," असं ती म्हणायची.

आता तो फोन चालू होत नव्हता. हसबनीस त्याच्याकडे बघतही नसत, नुसता धरत. जेवण उरकलं की गॅलरीत बसून धरत, झोपताना तळहाताखाली ठेवत. खळगीत अंगठा बसला की त्यांना झोप लागे. मनात मात्र एक धास्ती असे. कधीतरी हा धातू सुधारेल, गुळगुळीत होईल आणि ती उरलीसुरलीही जाईल.

आज ती धास्ती फिटली होती. धातू नापास नव्हताच. त्याला केतकीची सवय लागली होती. ती खूण पक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन रुमालात गुंडाळून आणला.

"आपलं पकडमापक यंत्र खळग्यांवरून हाताचं माप काढतं ना?" त्यांनी नाझनीनना विचारलं. "मग त्या मापाचा हात बनवता येईल? मऊ रबराचा." त्यांनी रुमालाची घडी उलगडली. "एकदा धरून बघायचाय."

नाझनीन केतकीताईंना ओळखत होत्या. त्यांनी फोन चिमट्याने उचलून यंत्रात ठेवला. पडद्यावर एकेक रेघ उमटत हात तयार होऊ लागला. आधी तळवा, मग बोटं. हसबनीस अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

नाझनीनचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी मोजणी पुन्हा करून पाहिली.

"सर, केतकीताई उजव्या हाताने फोन धरायच्या?"

"हो. का?"

"उजव्या हाताने धरला तर चार बोटं डाव्या कडेला येतात. इथे डाव्या कडेला एकच खळगी आहे. रुंद. अंगठ्याची." त्यांनी पडद्यावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "हा डावा हात आहे. मोठा. पुरुषाचा."

हसबनीसांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग आपल्या डाव्या हाताकडे. ते डावखुरे होते. पुढचं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नियम त्यांनीच कालच मांडला होता. केतकीने फोन तीन वर्षं वापरला. त्यांनी तो सहा वर्षं धरला होता, रोज, रात्र रात्र, अंगाच्या उबेत.

"खाली काही उरलं असेल?" त्यांनी विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

नाझनीननी नकारार्थी मान हलवली.

"माझा अंगठा तिथे का बसला, माहीत आहे?" ते म्हणाले. "तिथे आधीच खळगी होती. तिच्या बोटाची. मी तिचं बोट धरत होतो, नाझनीन."

"हो, सर."

"धरून धरून घालवलं."

बाहेर माळावर वारा सुटला होता. नाझनीननी पडदा बंद केला. फोन त्यांनी चिमट्यानेच उचलला, हाताची ऊब लागू नये म्हणून जपून, आणि म्हणाल्या, "सर, शीतपेटीत ठेवू? तिथे आहे तसा राहील."

"कुणासाठी?"

हसबनीसांनी चिमट्यातून फोन सोडवून घेतला. आता जपण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्यामुळे धरायलाही हरकत नव्हती. त्यांनी बोटं मिटली.

अंगठा खळगीत अगदी बरोबर बसला. बसणारच होता.