मार्ग उलटा करा

"हे यंत्र मला ओढ्यात उडी मारायला सांगतंय," ती स्वतःशीच पुटपुटली. आणि धुक्यातून कुणीतरी उत्तर दिलं, "मारू नका. पाणी फार गार आहे."

ती दचकली. लाकडी पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक तरुण उभा होता. पाठीवर पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात अगदी तिच्यासारखंच यंत्र.

ती आरोग्य केंद्रातली परिचारिका. डोंगरउतारावर विखुरलेल्या घरांमध्ये जाऊन कुणाची मलमपट्टी करायची, कुणाचा रक्तदाब बघायचा, हे तिचं काम. केंद्र सोडलं की मोबाइलला रेंज नाही आणि धुकं तर कायमचं मुक्कामाला. म्हणून केंद्राने तिला मुठीत मावेल असं जीपीएस यंत्र दिलं होतं. ते वापरायचं कसं, हे सांगायला मात्र सगळे विसरले होते.

"बघू?" त्याने यंत्र हातात घेतलं. "अहो, तुम्ही 'सरळ रेषेत' हा पर्याय ठेवलाय. याला वाटतंय, तुम्ही पाखरू आहात."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" तोंडातून निघून गेलं आणि तिचे कान तापले.

"मला…" तो हसला. "माझ्याकडे पायवाटांचं खातं आहे. नकाशे बनवतो. पाखरांचं मी काय सांगणार?"

पुलाच्या कठड्याला टेकून त्याने तिला सगळं दाखवलं. प्रत्येक घर एक ठिकाण म्हणून साठवायचं, त्याला नाव द्यायचं, मग ती ठिकाणं ओळीने लावून मार्ग तयार करायचा. तिने आधीच लावलेला मार्ग पाहून मात्र त्याच्या भुवया वर गेल्या.

"हा मार्ग आहे, की मांजरीने खेळलेला लोकरीचा गुंडा? वर, खाली, परत वर…"

"ज्याला जास्त दुखतंय, त्याच्याकडे आधी," ती हळूच म्हणाली.

तो हसायचा थांबला. क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग मान खाली घालून बटणं दाबू लागला. "मग असं करू. घरं चढणीच्या क्रमाने लावू. ज्यांना जास्त दुखतंय त्यांच्याकडे उतरताना पुन्हा डोकवा. म्हणजे त्यांना तुम्ही दोनदा भेटाल."

"आणि उतरताना मार्ग पुन्हा बनवायचा?"

"छे! 'मार्ग उलटा करा' एवढंच दाबायचं. शेवटचं घर पहिलं होतं, पहिलं शेवटचं."

तेव्हापासून रोज असंच होऊ लागलं. ती खालच्या केंद्रातून वर चढायची. तो वरच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहायचा, तिथून पायवाटा नोंदवत खाली उतरायचा. दोघं पुलावर समोरासमोर यायची. भेट कसली, नुसतं ओलांडणंच ते. ओल्या फळ्यांची करकर, त्याच्या केसांवर धुक्याचे थेंब, दोन वाक्यं… आणि मग तिला वर जायचं, त्याला खाली. पण त्या दोन वाक्यांवर तिचा उरलेला चढ कसा सरायचा, हे तिलाच कळायचं नाही.

एके दिवशी तो पुलावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला.

"उद्या माझा शेवटचा फेरा. इथल्या पायवाटा संपल्या. आता पलीकडच्या डोंगररांगेत जायचं… फार दिवसांसाठी."

तिने हातातलं यंत्र उगाच बंद केलं, पुन्हा सुरू केलं.

"आमच्या खालच्या कार्यालयात एक जागा आहे तशी," तो कठड्याच्या लाकडावर नख ओढत म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. काय करू? तुम्हाला काय वाटतं?"

थांबा. एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मात स्वतःसाठी काही न मागितलेली ती म्हणाली, "तुमचं काम… तुम्हालाच जास्त ठाऊक."

"हो. तेही खरंच," तो म्हणाला आणि धुक्यात उतरून गेला.

संध्याकाळी उतरताना ती पुलाच्या खालच्या अंगाला असलेल्या घरी थांबली. तिथे निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळा डोंगर त्यांना 'बाई' म्हणायचा. त्यांचा घोटा बांधता बांधता तिने सगळं सांगून टाकलं.

"तो तुला हाक काय मारतो?" बाईंनी विचारलं.

"सिस्टर."

बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि तू?"

"मी… अहो."

"काय ही जोडी! अगं, एकाने तरी तोंड उघडा."

"पुलावर वेळच नसतो, बाई. त्याची वाट एकीकडे, माझी दुसरीकडे."

म्हणता म्हणता ती थबकली. घरी पोचताच तिने यंत्र सुरू केलं, आपला मार्ग उघडला आणि 'मार्ग उलटा करा' दाबलं. सगळी घरं सुळकन जागा बदलून बसली. उद्या सकाळी दुधाच्या गाडीने वर जायचं आणि त्याच्याबरोबर उतरायचं. सगळा उतार त्याच्याबरोबर! देवाचं नाव घेऊन तिने दिवा मालवला.

सकाळी वरच्या वस्तीत पोचली, तर त्याच्या खोलीला कुलूप.

"तो होय?" घरमालकीण म्हणाली. "उजाडायच्या आधीच खाली गेला की."

एका शब्दाने न सांगता… ती घरामागून घर करत उतरू लागली. "आज वरून कशा आलात?" लोक विचारत. ती नुसती हसायची, आणि ते हसू तिचं तिलाच टोचायचं.

पूल आला. धुकं इतकं दाट, की पलीकडचं टोक दिसेना. तेवढ्यात खालून धापा टाकत कुणीतरी चढत आलं. हातात यंत्र.

"तुम्ही वरून कशा?"

"तुम्ही खालून कसे?"

"मी…" त्याला दम लागला होता. "सकाळपासून केंद्रापाशी उभा होतो. म्हटलं, आज तुमच्याबरोबर चढावं. म्हणून माझा मार्ग उलटा लावला. तुम्ही आलाच नाहीत."

तिने आपलं यंत्र पुढे केलं. त्याने पडदा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं आणि दोघंही हसत सुटली.

"पण तुमचं काम? खालून वर जाताना कसलं काम?"

"काम कालच संपलं."

"मग शेवटचा फेरा उद्या, असं का सांगितलंत?"

"अजून एकदा… हा पूल ओलांडायचा होता."

ओढा खळखळत राहिला. तिने कठडा घट्ट धरला.

"थांबा," ती म्हणाली.

"काय? पाण्याचा आवाज फार आहे."

"थांबा ना… खालच्या कार्यालयात. माझ्यासाठी."

त्याने ओल्या फळीवरून पाऊल मागे घेत तिला वाट करून दिली आणि हात पुढे केला.

"तसं कळवायला हवं. पण रेंज केंद्राजवळच मिळते," तो म्हणाला. "तिथवर तुमच्याबरोबर यावं लागेल."

तिने त्याच्या हातात हात दिला. "या की. पण मध्ये घरं बरीच आहेत… चहा घेतल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. आणि सगळे विचारतील."

"काय विचारतील?"

"हे कोण म्हणून."

"मग काय सांगणार?"

"ते," ती उतरणीकडे बघत म्हणाली, "पहिल्या घरापर्यंत ठरवू."