सेरवाच्या आकृतीतलं भोक

"वीज येईस्तोवर बसा गप्प. हे ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे," ओपोकू मामा म्हणाले, तशी एडिटिंगची पोरं अंधारात खुर्च्या ओढून जवळ आली.

कुमासी शहरात, असाफो भागात बोआदूचं व्हिडिओचं दुकान होतं. ऑगस्टातला दुसरा गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, नि तळलेला मासा बांधून घेऊन तो कामाला बसला. शनिवारी बायकोला, सेरवाला, पुरायचं होतं. त्या वेळी लोकांना दाखवायची तिची फिल्म अजून व्हायची होती. बाळंतपणात गेली बिचारी. सातव्या महिन्यातच जन्मलेली पोर इस्पितळात काचेच्या पेटीत, आणि सासू तिच्यापाशी.

लग्नाआधी हिरव्या पडद्यापुढे त्याने सेरवाला उभं करून टिपलं होतं. आता पडद्याच्या जागी ढग लावायचे. त्यासाठी आधी तिचा आकार कापायचा: ती पांढरी, बाकी काळं. पांढऱ्यात भोक राहिलं, की तिथून ढग आरपार दिसणार.

कडा सुरेख आल्या. केसांची बट न् बट सुटी झाली. पोटावर मात्र एक भोक होतं. पडद्याची हिरवी झाक पडली असेल, म्हणत त्याने ते बुजवलं.

फोन वाजला. सासू.

"बोआदू, पोरीचा श्वास थांबलाय रे!"

दचकून उठताना त्याचा हात कळफलकावर पडला. केलेलं पुसलं गेलं. भोक पुन्हा उघडलं.

"...आला! आला बाबा श्वास!"

योगायोग असेल, म्हणून त्याने अर्ध्या तासाने परत बुजवलं. परत फोन. त्याने भोक उघडलं, तसा श्वास परत आला.

"आई, मी फिल्म करत नाही," तो सासूला म्हणाला.

"अरे, मग शनिवारी लोकांना काय दाखवायचं?"

"काही नाही."

पण आता भोक आपणहून भरू लागलं. कडेकडेनं. तो खोडायचा. ते भरायचं.

"सेरवा, नको ना... एवढी एक तरी मला राहू दे..."

दोन वाजून दहा मिनिटं. भोक मटाराएवढं. मग टाचणीएवढं...

वीज गेली.

फोन वाजला. त्याने उचलला नाही. वाजतच राहिला...

मामा थांबले. एकाने हळूच विचारलं, "मग, मामा?"

"पोरीला आईच्याच शवपेटीत ठेवलं. बोआदूने दुकान मोडलं, कॉम्प्युटर मी घेतला. ती फाइल अजून आहे त्यात. भोक नाही कुठे. सेरवा अखंड पांढरी. आणि तिच्या खांद्यावर, मूळ चित्रात जिथे काहीच नाही, तिथे मुठीएवढा गोल उंचवटा... टेकलेल्या डोक्यासारखा. मी तीनदा कापला. तीनदा परत आला."