आधी कोणी यायचं?

माझ्या टरबुजाच्या वेलावर त्याचा पाय पडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

"आंधळे हाय का?" मी ओरडले. "चाळीस वेल उरले होते, त्यातला एक मारला तुमी!"

तो थांबला. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात वहाणा, आणि चेहऱ्यावर असं हसू की माझा राग आणखीच चढला.

"चुकलं बाई. मी महिपत. पल्याडून आलो... तुमच्या पाटलाले निरोप घेऊन."

सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. पैनगंगेच्या अल्याड आमचं गाव निजामाच्या राज्यात, पल्याडचं हिंदुस्थानात. मोठ्यांची बोलणी हैदराबाद-दिल्लीत अडली होती, आमची नदीत. पल्याडच्यांनी वरच्या अंगाला चर खणून उरलीसुरली धार आपल्याकडं वळवली होती. वाळूतली आमची टरबुजाची वाडी सुकत चालली होती, आणि त्या वाडीवरच मी आणि आई वर्षभर खायचो. समेटाला दोन्ही गावं पात्रात एकदा बसलीसुद्धा. पण तिथं आमच्या चंपतराव पाटलांना तंबाखू पल्याडच्या अमृतराव पाटलांनंतर मिळाली, म्हणून ते तडक उठून आले! तेव्हापासून आमचे म्हणायचे, आधी त्यांनी इकडं यावं. त्यांचे म्हणायचे, आधी तुम्ही या. महिपतचं घर पल्याड आणि आजोळ आमच्या गावात, म्हणून दोघांनी त्याला मध्ये घातलं होतं.

रोज तो वाडीवरून जायचा. आता वेलांना वळसा घालून... आणि एकदा तरी मागं वळून बघत.

"काय म्हनाले आज?" मी विचारायची.

"तेच. आधी त्यांनी यावं."

"अन् तुमी कोनाच्या बाजूचे?"

"मध्यस्थाले बाजू नसते, सोजर."

माझं नाव त्यानं कुठून काढलं कोण जाणे! ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला. इथं वेल माना टाकत होते, आणि हा बाजू नसलेला माणूस माझं नाव घेत होता.

एका सकाळी वाडीत गेले तर वेलांची बुडं ओली. पलीकडून खांद्यावर कावड घेऊन, घामाघूम... महिपत!

"हे पानी कुठलं?"

"चरातलं."

"किती दिवसांपासून आनून राह्यले?"

"चार." तो खाली बघत म्हणाला. "आता मले मध्यस्थी जमत नाही. आज दोन्हीकडं सांगून टाकतो. माही बाजू ठरली—"

आणि तो माझ्याकडं बघतच राहिला. दुसरी एखादी लाजली असती. मी कावड हिसकावून वाळूत आपटली!

"दोन घागरीनं वाडी जगते काय? तुमी सोडलं तं बोलनी करन कोन?"

"मंग काय करू मी?"

"मागनी घाला मले! मुलाकडचेच आधी मुलीकडं येतात. त्यात कोनाचं नाक कापल्या जाते?"

बोलून गेले आणि कानशिलं तापली. त्यानं वाळूतली कावड उचलली, हळूच म्हणाला, "पन तुह्या मनात—"

"आधी पानी!"

चौथ्या दिवशी वरपक्षाचे वडीलधारे म्हणून अमृतराव नदी ओलांडून आले. दारी आलेल्या सोयऱ्याचा मान राखायलाच हवा, म्हणून चंपतराव सामोरे गेले. दोघं आमच्या ओसरीवर एका सतरंजीवर बसले. माझी आई, जयवंताबाई, गूळपाणी घेऊन गेली.

"मुलीकडची काही अट?" अमृतरावांनी विचारलं.

आईनं तोंड उघडायच्या आत मी दाराआडून म्हणाले, "चर बुजवा. त्याबिगर मी बोहल्यावर चढत नाही."

चंपतराव माझ्यावर खेकसले, "आतमंदी हो!" पण अमृतराव मिशीत हसले, आणि एकदाचं पाण्याचं बोलणं निघालं. दुपारभर दोघं भांडले. शेवटी ठरलं, चर निम्मा बुजवायचा, धार दोघांची.

पाणी आलं त्या दिवशी महिपत वाडीच्या कडेला येऊन उभा राहिला.

"आलं पानी. आता सांग."

मी वेल मोजत होते. सतरा जगले होते. दोन म्हाताऱ्यांच्या तोऱ्यापायी बावीस गेले, आणि मला रागानं रडू फुटलं. तो समजूत घालायला गेला नाही. शेजारी वाळूत बसला, वाळलेले वेल उपटू लागला. हा माणूस मला हवा होता. पहिल्या दिवसापासून हवा होता.

"हो," मी डोळे पुसत म्हणाले. "पन माह्या भांडनात पुन्हा कधी 'मले बाजू नाही' म्हनाल तं पाहा!"