आधी भोक, मग बार

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मोहाडीत अजून कोणी ठेवला नाही. माझी बायको पंचफुला तर पहिलं वाक्य संपायच्या आत चुलीवरचा भात बघायला उठून गेली. तिचं चुकलं असंही म्हणत नाही. मी तेजराम, साकोलीच्या डेपोत इंजिनं उघडण्यात उमर घालवलेला मिस्त्री, आणि मी खोटं बोलतो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. नागझिऱ्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या बसला वाघाने मागून धक्का दिला, तो किस्सा माझाच.

पण माझ्या खोट्यावर पंच बसवलेला आहे. इश्वर. शेजारचा शेतकरी, माझ्याच वयाचा. मी खोटं बोललो की तो खाकरतो. आत्ताही तो अंगणात माझ्यासमोर बाजेवर बसला आहे. मांडीवर बंदुकीचा लाकडी दस्ता, हातात जवसाच्या तेलाची चिंधी. मोतीबिंदूमुळे इतक्या अंतरावरून मी त्याला एक डाग दिसतो, पण कान शाबूत आहेत. माझ्या पाठीमागे उंबरठ्यावर नात मनाली सुपात तांदूळ निवडत बसली आहे. नागपूरला नर्सिंग शिकते, त्यामुळे आमच्यापेक्षा तिला सगळंच जास्त कळतं. मी मध्ये, खुर्चीत, पाठीवर घोंगडं टाकून. धान कापून झालं आहे, उन्हात आता दम राहिला नाही.

तर आम्हा दोघांचा नाद छर्र्याच्या बंदुकांचा. जुन्या. नळी खाली दुमडून छर्रा भरायच्या, ज्यांनी कधीकाळी बांधीतल्या धानावरची पाखरं उडवली आणि मग कोणाच्या तरी माळ्यावर गंजत पडल्या. लोखंड माझं, लाकूड इश्वरचं. मी आत स्प्रिंग आणि चामड्याचा वायसर बसवायचा, त्याने दस्ता घासून तेल पाजायचं. लाकूड चमकेपर्यंत तो बंदूक झाली असं म्हणत नाही. झाली की पहिला बार त्याच्या अंगणातल्या जांभळीवर. फांदीला तेलाच्या डब्याचं झाकण टांगायचं, त्याला भोक पाडायचं आणि ते झाकण त्या बंदुकीशेजारी भिंतीला ठोकायचं. बंदुकीचं बारसं, असं पंचफुला म्हणते. लोकांच्या भिंतीवर नातवंडांचे फोटो आहेत, आमच्या भिंतीवर झाकणं, हेही तीच म्हणते.

इश्वरच्या मांडीवर जिचा दस्ता आहे, ती बंदूक मिळाली मोहाडीच्या बाजारात. एक फुगेवाला आपला तक्ता मोडून राहिला होता.

"धंदा काहून बंद करता गा?" इश्वरने विचारलं.

"फुगे टिकत नाही," तो म्हणाला. "तक्त्यावर लावून होत नाही तं फुटून जातात. गिराईक बंदूक उचलते तवा फोडाले काही राहतच नाही."

"सडके फुगे आणत असशील," मी म्हणालो.

फुगेवाला हसला नाही. इश्वरने विकायला आणलेल्या लाखोळीच्या डाळीवर त्याने बंदूक देऊन टाकली, आणि डाळ मोजूनही घेतली नाही.

घरी येऊन उघडली. स्प्रिंग गंजलेली, वायसर वाळल्या खारकेसारखा. नळीवर कारखान्याचा शिक्का होता, पण इतका घासलेला की अक्षर लागेना. इश्वरने दस्त्याला तेल लावलं, लाकडाने ते पिऊन टाकलं. परत लावलं, परत पिलं. चमक धरेना. हात तसाच खरखरीत.

"तहानलेलं हाये," तो म्हणाला.

तरी मला बार करून बघायची घाई. इश्वरने झाकण जांभळीला टांगलं. मी अजून स्प्रिंग बसवत होतो. बसवून वर बघतो, तर झाकणाला भोक.

मला वाटलं इश्वरने खिळा मारला. त्याला वाटलं मी मारला. मी काय, कायमचा आरोपी. पण खिळ्याचं भोक मी ओळखतो. याच्या कडा मागे वळलेल्या होत्या आणि कडेला शिशाची ताजी चकाकी होती.

मी छर्रा भरला, नेम धरला, चाप ओढला. बार झाला. झाकण वाजलं नाही. हललंसुद्धा नाही. छर्रा त्या भोकातून गेला आणि मागे खोडात घुसला. तिथे खळी आधीपासून होती. तिच्यातून डिंक ओघळून वाळलेला होता.

दुसरं झाकण टांगलं. कौशल्याबाईने, म्हणजे इश्वरच्या बायकोने, चहा आणून दिला. कप तोंडाला लावून खाली आणेपर्यंत झाकणाला भोक.

आता मी डेपोतला माणूस. मशीन बिघडलं तर कारण असतं. मी एका छर्र्यावर खिळ्याने फुली ओढली, भरला, आणि जांभळीकडे पाठ करून मोकळ्या बांधीकडे बार केला. समोर नुसतं धसकट होतं. मग जाऊन जांभळीच्या खळीत चाकू घातला. छर्रा निघाला. चपटा झालेला, पण फुलीची एक रेघ शाबूत.

इश्वरने तो बोटांनी चाचपला. मग मला म्हणाला, "तेजराम, या वक्ताले थापा नको मारू."

"मी तं तोंडही उघडलं नाही," मी म्हणालो.

तेव्हा तो खाकरला नाही.

बंदूक आम्ही कोपऱ्यात उभी केली. बार करायचा नाही असं ठरलं. पण तिसरं झाकण टांगलेलं राहून गेलं होतं, आणि सकाळी त्याला भोक होतं. इश्वरने ते काढून बोडीत फेकलं. पाण्यात बुडताना आम्ही बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर पाखरांच्या पाण्याचं मडकं होतं, त्याला भोक. दोऱ्यासारखी धार लागली होती आणि खाली माती भिजून काळी झाली होती. मी मडकं फोडलं. खापऱ्या उकिरड्यावर टाकल्या.

त्यानंतरच्या दुपारी मी इश्वरकडे गेलो. ओसरीत त्याची खुर्ची आहे. होती. बाभळीची, त्याने स्वतः केलेली, पाठीला जाड फळी. सकाळपासून तो तिच्यातच बसला होता. मी आलो म्हणून उठला, आणि उठलाच आहे तर म्हणून खुर्चीला तेलाची चिंधी फिरवायला लागला. चिंधी थांबली.

"तेजराम, बोट गेलं."

"कुठं?"

"पाठीत."

मी बघितलं. जाड फळीत आरपार गोल भोक. कडा ताज्या, आतलं लाकूड लालसर. मी त्याचा सदरा वर केला, बनियान वर केली. पाठ शाबूत होती. फक्त अंगावर काटा होता. त्याला परत खुर्चीत बसवून बघितलं, तर भोक डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली येत होतं.

तो असा उठला की खुर्ची पडली.

"जाळून टाकू," तो म्हणाला.

"झाकण फेकलं तं मडक्यात आलं," मी म्हणालो. "मडकं फोडलं तं खुर्चीत आलं."

खुर्ची जाळली तर कशात येईल, ते त्याला कळलं; त्याचा हात डाव्या छातीवर गेला.  कौशल्याबाई आतून हाक मारत राहिली, चहा निवून राहिला म्हणून.

मग मी काय केलं, तर ती बंदूक नेऊन पुलावरून वैनगंगेत फेकली.

इश्वर खाकरतो.

बरं, नाही फेकली. दुसऱ्या कोणाच्या जाळ्यात निघाली तर? मोडली. स्प्रिंग काढली, नळी माझ्या कोठीत ठेवली, दस्ता त्याच्याकडे. जोडली नाही तर बार नाही. दस्ता तो अजून चोळत असतो, तो बघा. सवय. ते लाकूड कधी चमकलं नाही, चमकायचंही नाही.

"अन् खुर्ची?" मनाली मागून विचारते.

खुर्ची जाळली. मी घेऊन आलो आणि स्वतःच्या हाताने गोठ्यामागे जाळली. त्याच्या घरात ती नकोच होती. बाभूळ छान जळते, धूर कमी, निखारा खूप. राख पंचफुलाने वांग्यांना टाकली. आणि त्यानंतर कुठेच भोक पडलं नाही. ना जांभळीला, ना इश्वरच्या घरात कशाला.

मी इश्वरकडे बघतो. तो खाकरत नाही. त्या दिवशीही मी त्याला हेच सांगितलं होतं. तेव्हापासून तो रात्री झोपतो, आणि दिवसा असा बाजेवर बसतो, मोकळा, पाठीमागे कसलीच फळी नाही.

इश्वर वाचला. एवढीच गोष्ट.

सुपाचा आवाज थांबतो.

घोंगडं कोणीतरी हलकेच बाजूला केल्यासारखं वाटतं. पाठीला वारं लागतं.

मग छातीला.

"आबाजी," मनाली म्हणते, "जाळली म्हणता ते खोटं हाये. तुम्ही तिच्यावरच बसून आहात."

इश्वरची चिंधी थांबते.

मी उठत नाही. उठलो तर खुर्ची रिकामी होते, आणि बार परत इश्वरकडे वळतो.

मनाली माझ्या पाठीमागे वाकली असावी. तिचा श्वास पाठीला लागतो. बोलते तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेलेला असतो.

"अन् या भोकातून तुमचा सदरा काहून नाही दिसून राहिला? मले इश्वर आबाजी दिसून राहिले. त्यायच्या हातातला दस्ता चमकून राहिला."