ओ द्यायला लागणारा वेळ

कल्पिताने वंशावळ करायला घेतली तेव्हा रेवदंड्याच्या आख्ख्या आळीने तिला वेड्यात काढलं. ऑफिसातून चार दिवस रजा काढायची आणि म्हाताऱ्यांच्या तोंडापुढे मोबाइल धरून बसायचं, कशासाठी, तर पणज्याच्या नावासाठी! खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ हितेश दोन वर्षांपूर्वी आईने खोकल्यावर करून दिलेला काढा तसाच ठेवून होडीवर गेला, तो परतला नाही. होडीही सापडली नाही. आई, रचना, अजून रोज त्याचं ताट वाढायची. त्याचं नाव गेलेल्यांत लिहायचं की असलेल्यांत, एवढंच कल्पिताला ठरवायचं होतं.

आजोबांची बहीण नीराबाई नव्वदीला टेकली होती, पण नावं तोंडपाठ. समुद्राने परत न दिलेल्या घरच्या माणसांना दर सर्वपित्रीला मागच्या दारातून तीच हाक मारायची. एक नाव, भाताची एक मूद, आणि मग थोडा वेळ गप्प.

गप्प का, असं कल्पिताने विचारलं.

"पान्यातून येयाचं हाय त्यांना," म्हातारी म्हणाली. "ओ द्यायला येळ लागतो."

भर दुपारी, वाळत्या बोंबलांच्या वासात, तिने सहा नावं सांगितली. सवयीने प्रत्येकामागे थांबली. सातवं, हितेशचं, घेतलं नाही. रचनाची सक्त मनाई होती.

मग चहा पिताना कल्पिताने ते रेकॉर्डिंग ॲपमध्ये टाकलं. बोलण्यातली शांतता ते ॲप आपोआप कापतं, आवाज असेल तेवढंच ठेवतं. ऑफिसच्या लांबलचक मीटिंगा ती अशाच आटोपशीर करायची. म्हातारी सुपारी चघळत आठवत बसली होती, तो सगळा वेळ कापला गेला. नावांमागच्या सहा जागा तेवढ्या राहिल्या.

तिने आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. काही नव्हतं. वारा असेल, म्हणून तिने बाहेर पाहिलं. दांडीवरचे बोंबील हलतही नव्हते.

ती मागच्या दारात गेली. रेकॉर्डिंग चालू केलं.

"हितेश."

आणि थांबली. कापली जाऊ दे ही जागा, एवढंच ती मनात म्हणत होती. कापली गेली तर तो आहे. दिघीला असेल, न्हावा शेव्याला असेल, रुसून बसला असेल, पण आहे.

ॲपमध्ये टाकलं. जागा कापली गेली नाही.

तिला रडू फुटलं. मागे रचना उभी होती, ओले हात पदराला पुसत. ओरडली नाही. मोबाइल मागून घेतला, कानाला लावला. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा.

"काही नाही गं त्यात," कल्पिता म्हणाली. "मलासुद्धा काही ऐकू येत नाही."

रचना आत गेली. हितेशच्या ताटातल्या भाताची तिने मूद केली आणि मागच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. मग पातेल्यात पाणी घेतलं, आलं ठेचलं, तुळशीची पानं टाकली.

"हे कुणाला, आई?"

"त्याला," रचनाने गॅस बारीक केला. "खोकला अजून गेला न्हाय त्याचा."